घरच्या सुतारकामासाठी पहिली हत्यारे कोणती घ्यावीत, आणि माझा पाट का उकलला?

करवतकाठी :

नमस्कार. मी कोल्हापुरात राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर राहते आणि एका महाविद्यालयात शिकवते. गेल्या वर्षापासून सुट्टीच्या दिवशी घरच्या घरी सुतारकाम शिकण्याचा प्रयत्न चालू आहे. माझ्याकडे जागा म्हणजे सात फूट लांब आणि चार फूट रुंद गॅलरी, आणि साधने म्हणजे भेट मिळालेले एक ड्रिल मशीन, दहा नगांचा एक हत्यारांचा संच आणि मुळात लोखंड कापण्यासाठी असलेली एक करवत. त्या संचातील पटाशी (लाकूड तासायची छिन्नी) नवी असूनही लाकूड कापण्याऐवजी चिरडते.

गेल्या ऑगस्टमध्ये गणपतीसाठी मी एक पाट केला. वखारीतून आंब्याच्या एक इंच जाडीच्या, सहा इंच रुंदीच्या तीन फळ्या रंधून आणल्या, त्या पांढऱ्या डिंकाने शेजारी शेजारी चिकटवल्या आणि अठरा इंचांचा चौरस पाट तयार झाला. तो वाकू नये म्हणून खालून दोन आडव्या पट्ट्या डिंक लावून आणि प्रत्येकी तीन स्क्रू पिळून घट्ट बसवल्या. गणपतीत पाटाचे सर्वांनी कौतुक केले. एप्रिलमध्ये मात्र एका रात्री स्वयंपाकघरात काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला आणि सकाळी पाहिले, तर पाट या टोकापासून त्या टोकापर्यंत उभा उकलला होता. चीर सूतभर, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाएवढी रुंद आहे. विशेष म्हणजे ती डिंकाच्या सांध्यावर नाही, सांध्यापासून दोन बोटे अंतरावर अखंड लाकडातच पडली आहे.

यापुढे मला हा पाट दुरुस्त करायचा आहे, पुस्तकांसाठी एक मांडणी करायची आहे आणि कुंड्यांसाठी एक घडवंची करायची आहे. खर्चासाठी दहा हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. माझ्या दिरांचे म्हणणे असे, की चार इंची कटर घ्यावा, त्याला लाकडाचे चाक लावावे आणि हाताने घासत बसू नये. खालच्या मजल्यावर तान्हे बाळ आहे, त्यामुळे आवाजाचाही विचार करावा लागतो. आधी यंत्रे घ्यावीत की हातहत्यारे? आणि पाटाचे नेमके काय चुकले?

सुतारपुत्र :

ताई, आधी पाटाविषयी लिहितो, कारण हत्यारांची यादी कोणीही देईल. पण पाट का उकलला हे समजले नाही, तर पुढची घडवंचीही त्याच वाटेने जाईल. माझे वडील आजऱ्याकडे सुतारकाम करत. मी स्वतः नोकरदार आहे, परंतु सुट्टीत त्यांच्या हाताखाली जे पाहिले त्यावरून सांगतो.

लाकूड तोडल्यावर आणि वाळल्यावरही हवेतील ओल घेत राहते आणि सोडत राहते. ओल घेतली की ते फुगते, सोडली की आकसते. पण हे फुगणे-आकसणे सगळ्या दिशांना सारखे नसते. रेषेच्या दिशेने, म्हणजे फळीच्या लांबीत, फरक इतका कमी पडतो की तो विसरला तरी चालतो. रुंदीत मात्र तो चांगलाच जाणवतो, आणि त्यातही खोडाच्या वर्तुळांच्या दिशेने होणारे आकसणे हे गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेतील आकसण्याच्या साधारण दुप्पट असते. तुमचा पाट ऑगस्टमधला. त्या दिवसांत कोल्हापुरात धुतलेले कपडेही दोन दोन दिवस वाळत नाहीत, मग लाकूड कोरडे कुठून असणार? त्यातच वखारीतले आंब्याचे लाकूड पुरते सुकलेले असेलच असे नाही. एप्रिलच्या कोरड्या हवेत त्या अठरा इंच रुंदीने एक टक्का जरी अंग चोरले, तरी जवळजवळ दीड सूत होते.

आता खालच्या पट्ट्या पाहा. त्यांची लांबी पाटाच्या रुंदीच्या दिशेने आहे आणि लाकूड लांबीत आकसत नाही. पाट आकसू पाहतो, पट्ट्या त्याला सोडत नाहीत, आणि डिंक व स्क्रू या दोहोंनी मिळून त्याची सुटकेची वाट बंद केली आहे. शेवटी जिथे लाकूड सर्वांत दुबळे होते तिथे ते उकलले. चीर सांध्यावर पडली नाही याचा अर्थ तुमचे डिंकाचे काम उत्तम झाले होते. नीट बसलेला सांधा आजूबाजूच्या लाकडापेक्षा मजबूत असतो.

पूर्वीच्या पाटांनाही खाली आडव्या पट्ट्या असत, मग ते का उकलत नसत, असे तुम्ही विचाराल. काही उकलत, हे आधी कबूल करतो. पण जुना सुतार पट्टीला डिंक लावत नसे. लोखंडी खिळे ठोके, आणि खिळा थोडा वाकून लाकडाला हलू देतो. अधिक चांगल्या कामात पाटाच्या पाठीवर तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद अशी आडवी खाच पाडून तिच्यात त्याच आकाराची पट्टी बाजूने सरकवत, म्हणजे पाट सपाटही राहतो आणि पट्टीवरून सरकूही शकतो. ती खाच तुम्ही सध्या पाडू नका, वर्षभराने पाडा. आत्ता सोपा उपाय असा, की पट्टीचे मधले भोक नेहमीसारखे गोल ठेवायचे आणि दोन्ही टोकांकडची भोके पट्टीच्या लांबीच्या दिशेने लांबट करायची. दोन भोके शेजारी शेजारी पाडून मधला भाग कानशीने घासला की झाले. मधला स्क्रू घट्ट पिळायचा, कडेचे स्क्रू वायसर घालून बेताने पिळायचे, आणि डिंक लावायचाच असेल तर फक्त मधल्या स्क्रूपाशी टिकलीएवढा.

दुरुस्तीसाठी आधी स्क्रू काढा. पट्ट्या डिंकाने घट्ट असतील, तर गरम पाण्यात पिळलेले फडके सांध्यावर ठेवून त्यावरून इस्त्री फिरवा; पांढरा डिंक उष्णतेने आणि ओलीने मऊ पडतो. मग पातळ पटाशी किंवा जुनी सुरी हळूहळू सरकवत न्या. इस्त्रीमुळे लाकडात थोडी ओल शिरेल, म्हणून आठवडाभर थांबून मगच चिरेच्या दोन्ही कडा रंधून सरळ करा आणि पुन्हा चिकटवा. एक सावधगिरी मुद्दाम सांगतो : जूनमध्ये पाऊस सुरू झाला की ही चीर आपोआप मिटल्यासारखी दिसेल. तेव्हा भुसा आणि डिंक भरून मोकळे होण्याचा मोह आवरा, कारण पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा उघडेल.

आणि यापुढे लाकूड आणले की लगेच कापू नका. फळ्यांच्या मध्ये सारख्या जाडीच्या बारीक पट्ट्या ठेवून, वारा खेळेल अशा रीतीने त्या घरातच रचून ठेवा आणि एका फळीचे दर रविवारी वजन करा. वजन घटायचे थांबले म्हणजे लाकूड तुमच्या घराच्या हवेला सरावले. त्यासाठी कोणतेही महागडे मीटर लागत नाही, स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो.

उद्यमनगरी :

पाटाविषयी वर जे लिहिले आहे त्यात भर घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही. मी शिवाजी उद्यमनगरात यंत्रांचे सुटे भाग तयार करतो आणि लाकूड हा माझा छंद आहे, तेव्हा हत्यारांविषयी लिहितो.

प्रथम तो चार इंची कटर. तुमच्या दिरांचा हेतू चांगला असला तरी हा सल्ला कृपया मानू नका. ते यंत्र फरशी कापण्यासाठी असते. मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेणाऱ्या यंत्राला दातेरी चाक लावले आणि ते लाकडात अडकले, तर यंत्र उसळून मागे, म्हणजे तुमच्याच अंगावर येते. अँगल ग्राइंडरला लाकडाचे चाक लावणे तर त्याहून वाईट. रोज सवयीने हे करणारे कारागीर आपण पाहतो हे खरे, पण त्यांच्या हातांची बोटेही एकदा मोजून पाहावीत. मोठी फळी किंवा प्लायवुड कापायचे असेल तर दुकानात अथवा वखारीतच मापाने कापून घ्या. घरी जे कापायचे ते हाताने कापले जाते, आणि बाळाची झोपही मोडत नाही.

घ्यायची हत्यारे थोडीच आहेत. लाकडासाठी बारीक दात्यांची एक चांगली करवत घ्या. हल्ली ओढून कापण्याची जपानी पद्धतीची करवत सहज मिळते, तिचे पाते पातळ असते आणि नवशिक्याला रेघ धरून कापणे तिच्यामुळे सोपे जाते. लोखंड कापायची करवत लोखंडासाठीच ठेवा. पटाश्या तीन पुरतात : पाव, अर्धा आणि एक इंची. दोन इंच पात्याचा एक लोखंडी रंधा, एक गुण्या, एक पोलादी पट्टी, रेघ ओढायला मार्किंग गेज आणि चिकटवलेल्या फळ्या दाबून धरायला दोन फुटी दोन क्लॅम्प. यातील क्लॅम्पवर काटकसर करू नका. लक्ष्मीपुरीत किंवा शाहूपुरीत हार्डवेअरच्या दुकानात उभे राहून वस्तू हातात घेऊन पाहा, ऑनलाइन मागवू नका. कारण गुण्या विकत घेण्यापूर्वी तपासावा लागतो. सरळ कडेच्या फळीवर गुण्या लावून रेघ ओढायची, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ ओढायची. दोन रेघा एकावर एक पडल्या तर गुण्या खरा, त्या फाकल्या तर तो दुकानदाराला परत द्यायचा. दुकानात मी हे करू लागलो की विक्रेते वैतागतात, पण आजवर चारपैकी दोन गुण्ये मी असेच परत केले आहेत.

आता खरी गोष्ट. तुमची पटाशी लाकूड चिरडते याचा दोष तिच्याकडे नाही. कारखान्यातून येणाऱ्या पटाशीला केवळ आकार दिलेला असतो, धार आपणच लावायची असते. आधी तिची सपाट पाठ टोकाकडून इंच-दीड इंच आरशासारखी करा. काचेच्या दुकानातून जाड काचेचा तुकडा आणा, त्यावर पाण्याने ओला केलेला चारशे नंबरचा, मग हजारचा, मग दोन हजारचा काळा पॉलिश कागद ठेवून पाठ घासा. पाठीचे हे काम आयुष्यात एकदाच करायचे असते. त्यानंतर उतार. तो साधारण २५ अंशांचा ठेवतात आणि अगदी टोकाला ३० अंशांचा बारीक उतार देतात, म्हणजे दर वेळी सगळा उतार घासावा लागत नाही. पाठीकडच्या बाजूला बोटाला बारीक कंगोरा लागू लागला की धार टोकापर्यंत पोहोचली असे समजा. विजेच्या सहाणेवर ती लावून आणू नका. तिथे तापून पाते निळे पडले की त्याचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरला, मग कितीही घासले तरी धार टिकत नाही.

शेवटचा हात चामड्यावर. आपण कोल्हापुरात राहतो याचा एवढा तरी फायदा घ्यावा. चपला करणाऱ्या कारागिराकडून तळव्याच्या जाड चामड्याची एक कातरण मागून घ्या, ती फळीवर चिकटवा आणि तिच्यावर धातू चमकवायची पॉलिशची वडी घासा. माझी वडी हुपरीच्या एका चांदी कारागिराकडची आहे, गेली तीन वर्षे संपलेली नाही. या चामड्यावर पटाशी फक्त मागे ओढायची, पुढे ढकलायची नाही. धार लागली की नाही हे अंगठ्यावर पाहू नका. पाइनच्या मऊ तुकड्याच्या टोकावर, जिथे रेषा तुटलेल्या असतात तिथे, पटाशी दाबून पातळ काप काढा. काप निघून खालचा पृष्ठभाग गुळगुळीत राहिला तर धार आहे, भुगा निघाला तर नाही.

सरावासाठी पाइन औद्योगिक वसाहतींत यंत्रांच्या खोक्यांतून मुबलक येतो. शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला कोणी ओळखीचे असेल तर विचारा. फक्त रंधा फिरवण्यापूर्वी खिळे शोधून काढा.

राहिला प्रश्न लाकूड धरायचे कशात. गॅलरीत मोठे टेबल मावणार नाही आणि त्याची गरजही नाही. आपले सुतार पिढ्यानपिढ्या जमिनीवर बसून, पायाने लाकूड दाबून धरून काम करत आले आहेत. एक जाड फळी जमिनीवर टाका, तिच्या पुढच्या टोकाला लाकूड अडवणारी एक पट्टी ठोका आणि फळीचे तेच टोक भिंतीला टेकवा. तिच्यावर रंधा सुखाने चालतो. पटाशी चालवताना मात्र पाय आणि दुसरा हात कायम धारेच्या मागे ठेवा.

पंचगंगाकाठ :

दोन्ही प्रतिसाद वाचले. त्यांतील माहितीबद्दल आदर आहे, परंतु थोडा मतभेद नोंदवतो. नोकरी सांभाळून, रविवारच्या दोन तासांत शिकणाऱ्या व्यक्तीला महिनाभर पटाशीची पाठ घासायला लावले, तर ती हा छंदच सोडून देईल. ताईंना पुस्तकांची मांडणी हवी आहे. ती अखंड लाकडाची करायची म्हणजे फळ्या सुकवणे, जोडणे, रंधणे आणि पुन्हा तेच फुगणे-आकसणे. त्यापेक्षा मांडणीसाठी प्लायवुड घ्यावे. त्यात लाकडाचे पातळ थर एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असतात, म्हणून ते रुंदीत जवळजवळ हलत नाही, आणि दुकानात सरळ कापून मिळते. घरी फक्त जोडणी उरते आणि ती तुमच्या ड्रिल मशीनने होते.

प्लायवुड घेताना मात्र त्याच्यावरचा शिक्का वाचा. आयएस ३०३ या भारतीय मानकाखाली एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) आणि बीडब्ल्यूआर (बॉइलिंग वॉटर रेझिस्टंट) असे दोन दर्जे येतात. त्यांपैकी एमआर फक्त कोरड्या जागेसाठी, तर बीडब्ल्यूआर ओलीला अधिक दाद देत नाही. आयएस ७१० हे मरीन म्हणून ओळखले जाते. २०१९ च्या पुरात आमच्या घरात कमरेएवढे पाणी होते. एमडीएफचे, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळ्यांचे कपाट अक्षरशः भिजलेल्या पावासारखे फुगले, ते फावड्याने भरून टाकावे लागले. मरीन प्लायचा ओटा आणि आजोबांची सागवानी पेटी धुऊन सावलीत वाळवली आणि ती दोन्ही आज वापरात आहेत. राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर पुराचे भय नाही, पण पावसाळी भिंतीला टेकणारी मांडणी असेल तर निदान बीडब्ल्यूआर घ्या. कुंड्यांच्या घडवंचीसाठी प्लाय नको. उघड्या कडेतून पाणी शिरते. तिथे सागाच्या पट्ट्याच बऱ्या.

पुस्तके जड असतात, हे पुस्तकप्रेमी नेहमी विसरतात. १८ मिलिमीटर जाडीचे प्लाय वापरले तरी दोन आधारांमधले अंतर अडीच फुटांच्या आत ठेवा, नाहीतर वर्षभरात फळीला झोळ येईल. पुढच्या कडेला दीड इंच रुंदीची सागाची पट्टी उभी लावली तर झोळही कमी होतो आणि थरांची कडाही झाकली जाते. स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडा; प्लायच्या कडेत तसाच स्क्रू पिळला तर थर फाटतात.

वखारीतल्या बिलाचाही हिशोब समजून घ्या, कारण तिथे नवीन माणूस गोंधळतो. लाकूड घनफुटावर विकले जाते. फळीची लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्यायची, तिन्हींचा गुणाकार करून १४४ ने भागायचे. सहा फूट लांब, सहा इंच रुंद आणि एक इंच जाड फळी म्हणजे पाव घनफूट. माप रंधण्यापूर्वीचे धरतात, त्यामुळे एक इंचाचे पैसे दिलेली फळी हातात येते तेव्हा सहा सूत भरते. ही फसवणूक नाही, रीतच आहे. फक्त आपण आकडेमोड करताना ती धरली पाहिजे.

करवतकाठी :

सर्वांचे मनापासून आभार. कटरचा विचार सोडला आहे आणि दिरांना ते प्रतिसादही वाचून दाखवले. मांडणी प्लायची करीन. पाट मात्र हातहत्यारांनीच दुरुस्त करायचा आहे. त्याला शेवटी काय लावावे? त्यावर गणपती बसतो, पण एरवी घरी जेवायलाही घेतला जातो, त्यामुळे चकचकीत रासायनिक पॉलिश नको वाटते.

सुतारपुत्र :

पंचगंगाकाठ यांचे प्लायविषयीचे म्हणणे मला मान्य आहे. धार लावण्याविषयीचे नाही. पटाशीच्या पाठीला दोन संध्याकाळी पुरतात, महिना लागत नाही.

पाटाला जवसाचे तेल आणि मेण लावा. खायच्या तेलांपैकी शेंगतेल किंवा खोबरेल लावू नका, ती वाळत नाहीत आणि पाट कायम तेलकट राहतो. जवसाचे तेल हवेशी संयोग होऊन वाळते, पण त्याला वेळ लागतो. पातळ हात द्यायचा, पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेले सगळे तेल पुसून काढायचे, तीन-चार दिवस थांबायचे आणि पुन्हा तेच, असे तीन वेळा. जाड थर दिला तर तो चिकट होऊन बसतो. तेल दोन्ही बाजूंना सारखे लावा. एकाच बाजूने लावले तर दुसरी बाजू अधिक ओल घेते आणि पाट वाकतो. तेलाने आकसणे थांबत नाही, थोडे मंदावते एवढेच, म्हणून लांबट भोके करायचीच आहेत.

तेल पुसलेले फडके गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि बोळा केलेल्या फडक्यात ती साठून फडके आपोआप पेट घेऊ शकते. गॅलरीच्या दोरीवर ते पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून मग टाका. घासकाम करतानाही तोंडाला एन-९५ मास्क लावा. लाकडाची बारीक धूळ कर्करोगकारक असल्याचे सिद्ध झालेले आहे, आणि बंद गॅलरीत ती बराच वेळ तरंगत राहते.

करवतकाठी :

शनिवारी पट्ट्या काढल्या. इस्त्री आणि ओल्या फडक्याने पाऊण तास लागला, पण डिंक सुटला आणि पाटाचे दोन तुकडे वेगळे झाले. ऑगस्टमधल्या वहीत रुंदी बरोबर अठरा इंच लिहिलेली होती. काल दोन्ही तुकड्यांची मिळून ती सतरा इंच आणि जेमतेम साडेसहा सूत भरली. लक्ष्मीपुरीतून गुण्या आणला. पहिला खोटा निघाला, दुसरा खरा आहे. दोन्ही तुकडे आता पट्ट्यांवर ठेवून वाळायला रचले आहेत आणि रविवारची वजने वहीत मांडते आहे. तीन आठवड्यांनी चिकटवीन, आणि जुलैत पाऊस लागल्यावर रुंदी पुन्हा मोजून ती याच धाग्यावर लिहीन.